माय फादर आर

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आमचे वडील भुसार बाजारात हमाली करीत. पाचवीत आम्ही त्यांच्यावर निबंध लिहिला, ‘माय फादर आर अ हमाल.’ गुरुजींनी ‘आर’वर तांबडी रेघ ओढून ‘इज’ केले. कर्ता एकवचनी, क्रियापदही एकवचनी, नियम चोख. पण वडील ‘आहेत’ असतात, ‘आहे’ नसतात! गाळ्यावर त्यांना दिवसभर ‘ए, उचल रे’ एवढेच ऐकावे लागे. निदान वहीत तरी बहुवचन असावे, असे वाटले होते. (स्वतःला ‘आम्ही’ म्हणविणाऱ्याने हे सांगावे, हा विनोदच.)

पुढे कळले की इंग्रजीतला ‘यू’ही मुळात अनेकवचनीच. आदरापोटी तो एकट्यालाही लावू लागले, ‘दाऊ’ मागे पडला, ‘आर’ मात्र टिकला. म्हणजे आदर तोंडावरच, पाठीमागे ‘इज’!

मराठीही तशी धुतल्या तांदळासारखी नव्हे. ‘हमालाने पोते उचलले, हमालाने गोणी उचलली.’ कर्मणी प्रयोगात क्रियापद ओझ्याप्रमाणे बदलते, उचलणाऱ्याप्रमाणे नाही.

त्या संध्याकाळी निरक्षर वडिलांनी वही हाती घेतली, तांबड्या रेघेवर बोट ठेवून विचारले, ‘हे काय?’

‘गुरुजींची सही,’ आम्ही म्हणालो.