पाटीवर नसलेला पदार्थ

संध्याकाळचे सात वाजले की आमच्या धाराशिवात रस्त्याच्या कडेला लाल रंगाच्या गाड्या उभ्या राहतात. कढईखाली जाळ भडकतो, झारा खणखणतो, कोबी आणि सॉसचा वास वस्तीच्या तोंडापर्यंत येतो. गाडीवर ड्रॅगनचे चित्र असते. खाली मंचुरियन, हक्का नूडल्स, शेजवान राईस. अलीकडे त्यात मोमोजची भर पडली आहे. घरात भाकरी-कालवण तयार असताना पोरे दहा-वीस रुपये मागून गाडीवर पळतात, हा अनुभव वाचकांपैकी बहुतेक आई-बापांना असेलच.

आम्ही गाडीवाल्यांना नावे ठेवायला बसलेलो नाही. आपल्याच समाजातील कितीतरी पोरांचे घर त्या गाडीवर चालते. नोकरी नाही, शेती नाही, मग उचल घेऊन गाडी टाकायची. त्यात कमीपणा कसला? फक्त पोरांना एवढे सांगावेसे वाटते की, बाबांनो, तुम्ही जे खाता ते चीनमधले नव्हे. मंचुरियन हा पदार्थ मुंबईचा आहे. नेल्सन वँग नावाच्या, कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्याने 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो तयार केला, असे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे. आपलाच लसूण, आलं, हिरवी मिरची, त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. म्हणजे मंचुरियन तुमच्या-आमच्यासारखाच महाराष्ट्राचा रहिवासी आहे!

मग खरे चिनी खाणे असते तरी कसे, आणि ते गरिबाला परवडते का? मोठ्या शहरांत डिमसम नावाचा पदार्थ मिळतो. काचेची दारे, मंद दिवे, आणि चार नगांना आमच्या घरी आठवड्याची भाजी येईल एवढे बिल. एका नातलगाच्या पोराने पुण्यात पहिल्या पगाराला आम्हाला तशा ठिकाणी नेले होते. पोराचा आनंद मोठा होता म्हणून आम्ही गप्प बसलो. पण पोट भरले नाही.

तोच पदार्थ आम्ही पुढे पोटभर खाल्ला, तोही रस्त्यावर उभे राहून. 2023 च्या हिवाळ्यात आमच्या कर्मचारी संघटनेच्या अधिवेशनासाठी आम्ही धाराशिवचे चौघे कोलकात्याला गेलो होतो. शेवटचा दिवस रविवार होता. तिथल्या एका सहकाऱ्याने सांगितले की, पहाटे उठणार असाल तर टिरेटा बाजार बघा, आठनंतर गेलात तर रिकामी भांडी दिसतील. आम्ही सेंट्रल मेट्रो स्टेशनवरून चालत निघालो. लालबाजारच्या पोलीस मुख्यालयापासून जवळच, पोद्दार कोर्टाच्या मागे हा बाजार भरतो. बाजार म्हणजे काय, रस्त्याच्या कडेला थोडीशी टेबले आणि मोडे. ना पाटी, ना खुर्ची. बाजूलाच भाजी आणि मासे विकणारे बसलेले. थरावर थर रचलेली अॅल्युमिनियमची उकडायची भांडी, त्यांतून वाफ निघते आहे, आणि मागे एखादी चिनी आजी सुटे पैसे मोजते आहे.

आम्ही मुठीएवढा, पांढरा, मऊ, उकडलेला पाव घेतला. आत डुकराचे मटण. त्याला बाव म्हणतात. मग शुमाई. वरून तोंड उघडे ठेवलेली लहान पुरचुंडी, आत खिमा. माशाच्या गोळ्यांचे गरम पातळ सूप घेतले, वरून कांद्याची पात. तिखट नाही, तेल नाही, मसाल्याचा भडिमार नाही. पहिल्या घासाला आमच्यातले एक सहकारी म्हणाले, ‘‘अळणी आहे.’’ तिसऱ्या घासाला त्यांनी आणखी एक प्लेट मागितली. माणशी दोनशेच्या आत पोट तुडुंब झाले.

डिमसम हा शब्द कँटोनी भाषेतला. चीनच्या दक्षिणेकडील ग्वांगडाँग प्रांत आणि हाँगकाँग इथली ही बोली. शब्दशः अर्थ हृदयाला स्पर्श करणारे, असा काहीसा होतो. तिकडे लोक सकाळी चहाच्या दुकानात जातात, त्या जाण्यालाच ‘चहा पिणे’ म्हणतात, आणि चहाबरोबर हे लहान लहान पदार्थ घेतात. आपल्याकडे हॉटेलात चहा आणि प्लेटभर भजी घेऊन माणूस दोन घटका टेकतो, तसेच. 2009 साली हाँगकाँगच्या माँगकॉक या गजबजलेल्या वस्तीत माक क्वाय-पुई नावाच्या आचाऱ्याने मोठ्या हॉटेलातील नोकरी सोडून एक चिंचोळे दुकान टाकले. नाव टिम हो वान. पदार्थ तेच, भाव साध्या माणसाला झेपणारा. जगभर नावाजलेल्या मिशेलिन या मार्गदर्शिकेने लगेच त्याला तारा दिला, आणि जगातले सर्वांत स्वस्त तारांकित दुकान म्हणून त्याच्यापुढे रांगा लागल्या.

टिरेटाच्या चिनी लोकांना मात्र असा तारा कोणी दिला नाही. हे लोक अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कोलकात्यात येत गेले. कँटोनी लोक सुतारकाम करीत. हक्का लोक चपला-बूट आणि चामडे कमावण्याच्या धंद्यात उतरले, टांगरा भागात त्यांच्या टॅनरी उभ्या राहिल्या. चामड्याला हात लावायला इथला सवर्ण तयार नव्हता, म्हणून तो धंदा परदेशातून आलेल्या माणसासाठी मोकळा राहिला, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. 1962 च्या युद्धात देशभरातील चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, बायका-मुलांसह, राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले. त्यांतले बहुतेक इथेच जन्मलेले होते. सुटून आल्यावर कित्येकांना घर राहिले नव्हते, दुकान राहिले नव्हते. पुढच्या काळात पुष्कळजण देश सोडून गेले. उरलेल्या थोड्या घरांतल्या म्हाताऱ्या आजही पहाटे उठून बाव उकडतात.

एका टेबलापाशी सत्तरीचे एक चिनी गृहस्थ सूप पीत उभे होते. हिंदी अस्सल कोलकात्याची. आजोबा सुतार होते म्हणाले. आम्ही कुठले, काय करतो, घरी काय खातो, सगळे विचारले. आम्ही ज्वारीची भाकरी सांगितली, मटण सांगितले. मग आमच्यातल्या एकाने हळूच वजडीचे नाव घेतले आणि बकऱ्याचे पोट-आतडे म्हणजे काय ते हाताने करून दाखवले. गृहस्थांना हसू आले. म्हणाले, अहो, ते तर डिमसमच! गाईच्या पोटाचे तुकडे आले घालून उकडतात आणि कोंबडीचे पाय तळून, भिजवून, काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये वाफवतात. हाँगकाँगच्या दुकानात ते सर्वांआधी संपतात. आणि त्या पायांना नाव काय दिले आहे? फिनिक्स पक्ष्याचे पंजे! मग त्यांनी विचारले, तुम्ही ते पोट साफ कसे करता? आम्ही सांगितले, उकळत्या पाण्यातून काढून सुरीने काळा पापुद्रा खरवडायचा, मीठ-हळद लावून चोळायचे, चार पाणी बदलायचे. ते म्हणाले, बरोबर, मिठाने चोळल्याशिवाय वास जात नाही. हावड्याला गाडी सुटेपर्यंत आम्ही चौघे याच विषयावर बोलत होतो.

एवढ्या लांबचे सांगायचे कारण आमच्या गावात आहे. धाराशिवात मटण मार्केटपासून हाकेच्या अंतरावर पत्र्याच्या शेडमध्ये एक मावशी खानावळ चालवतात. चार बाकडी, एक माठ, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि गेल्या वर्षीचे कॅलेंडर. उस्मानाबादी शेळीचे नाव देशभर आहे. जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये बदलले, शेळीचे नाव तेच राहिले. पण त्या शेळीचे मटण आता मजुराच्या आवाक्यात नाही. वजडी, मुंडी, पाय, रक्ती यांवरच हमालाचा, बांधकामावरच्या बाईचा रविवार साजरा होतो. मावशींची वजडी येसूर घालून केलेली असते. रस्सा दाट, काळसर, वर तेलाचा तवंग नाही, आणि वजडीचा तुकडा दाताखाली थोडा झुंजतो. सोबत दोन ज्वारीच्या भाकरी, कांदा, ठेचा. एकशे वीस रुपये. तिकडे जसे चहा आणि डिमसम, तसे हे आमचे.

पण मावशींच्या पाटीवर हा पदार्थ नव्हता. पाटीवर फक्त ‘मटण भाकरी’. वजडी पाहिजे असेल तर गिऱ्हाईक मावशींच्या जवळ जाऊन हळू आवाजात विचारणार, आणि मावशी मान हलवून ताट आतून आणणार. दारूबंदीच्या काळात लोक बाटली मागत असतील तसे! आम्ही एकदा विचारले तर म्हणाल्या, ‘‘भाऊसाहेब, पाटीवर लिव्हलं तर कालेजची पोरं आत येत न्हाईत. आपलीच पोरं नाक मुरडत्यात. थोरला म्हणतोय, दिवाळीनंतर ह्ये बंद करू, चायनीजची गाडी लावू.’’

त्यांच्या थोरल्याचे चुकते असे नाही, त्याला संसार चालवायचा आहे. तरी आम्ही मावशींना म्हटले, एकदा लिहून तर बघा. वस्तीतल्या पेंटरने पैसे न घेता पाटी रंगवली. ‘वजडी भाकरी’ हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत, मटण त्याच्या खाली.

चौथ्या दिवशी वाद उभा राहिला. चळवळीतलेच एक ज्येष्ठ, ज्यांना आम्ही मान देतो, ते मावशींच्या दारात उभे राहून म्हणाले, बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले ते तुम्ही पाटीवर लिहिता? मावशी घाबरल्या. त्यांनी पाटीवर पोते टाकले.

इथे आम्हाला स्पष्ट बोलणे भाग आहे. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते मेलेल्या ढोराचे मांस आणि दारोदार मागून आणलेले उष्टे तुकडे. त्यामागे गावकीचा जुलूम होता. ढोर ओढायचे ते बिनपैशाने, आणि मोबदला म्हणून तेच खायचे. 1941 च्या फेब्रुवारीत आमच्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली, बाबासाहेब आले होते. आमचे आजोबा चालत गेले होते. तिथून आल्यावर त्यांनी ढोर ओढायला कायमचा नकार दिला आणि गावाचा मारही खाल्ला. पण बाजाराच्या दिवशी स्वतःच्या मजुरीतून खाटकाकडून ताजी वजडी विकत आणणे त्यांनी मरेपर्यंत सोडले नाही. आजी ती दोन तास धुवायची. रोख पैसे देऊन आणलेले ताजे मांस वेगळे आणि वेठीपोटी पदरात पडलेले वेगळे, हा फरक निरक्षर माणसाला कळत होता. शिकलेल्यांनी दोन्ही एकाच गाठोड्यात बांधले. ज्यांनी मांसच सोडले, शाकाहार धरला, त्यांचा आम्हाला आदर आहे. पण मटण चालते, वजडी चालत नाही, याला धम्माचा आधार नाही. हे शेजाऱ्याचे नाक आपण आपल्या चेहऱ्यावर लावून घेतलेले आहे.

आमच्याच जिल्ह्यातील शाहू पाटोळे यांनी 2015 साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक काढले. मराठवाड्यातील महार-मांगांच्या घरांत काय शिजत होते आणि कसे, हे त्यांनी नावानिशी लिहून ठेवले. 2024 मध्ये ते इंग्रजीतही गेले. दिल्ली-मुंबईचे लोक आता ते वाचतात. आम्ही ते पुस्तक त्या ज्येष्ठांना नेऊन दिले आणि तासभर बोललो. त्यांनी आमचे सगळे मान्य केले असे नाही. पण ‘‘महाडचे ते मेलेल्या ढोराबद्दल होते, हे खरे,’’ एवढे म्हणाले. पुढच्या रविवारी ते खानावळीत आले, वजडी घेतली नाही, साधे मटण घेतले. पण येताना पाटीवरचे पोते त्यांनीच काढून बाजूला ठेवले होते.

पाटी आता उघडी आहे. धंदा वाढला का, तर थोडा. परवा तालुक्याच्या गावाहून आलेली चार पोरे मोबाइलवर पाटीचा फोटो काढून आत शिरली, आणि त्यांतल्या दोघांनी दुसऱ्यांदा रस्सा मागितला. थोरल्याने चायनीजची गाडी आणलीच आहे, ती शेडच्या पुढे उभी असते. दुपारी मावशींची वजडी, संध्याकाळी त्याची मंचुरियन. त्याने सोया सॉस आणि आले-लसूण घालून वजडी परतून बघितली. आम्ही चाखली. मीठ जास्त झाले होते, बाकी बरी होती. पुढच्या खेपेला मीठ मावशी घालणार आहेत.

ज्यांना जायचे असेल त्यांनी रविवारी साडेअकराच्या सुमारास जावे. दोनपर्यंत पातेले रिकामे होते. घरी न्यायची असेल तर डबा बरोबर न्या, मावशी प्लॅस्टिकच्या पिशवीत रस्सा देत नाहीत.