चौथे तेल

दिवाळी तोंडावर आली की मराठी गृहस्थाच्या घरात तेलांचा एक लहानसा दरबार भरतो. अभ्यंगाचे सुवासिक तेल, चकल्या-शेवेचे तळणाचे तेल आणि पणत्यांचे तेल. प्रत्येकाचा मान वेगळा, फळी वेगळी, आणि त्यांची अदलाबदल करणाऱ्याची स्वयंपाकघरात गय नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी या तिघांच्या शेजारी एक चौथी बाटली येऊन बसली. तिच्यातले तेल डाळिंबाच्या रसासारखे लालचुटूक होते. शेजारच्या नातवाने ते कोकम सरबत समजून हात पुढे केला, तेव्हा तिची रवानगी ताबडतोब माळ्यावर झाली.

हे चौथे तेल मोटारीचे. पण इंजिनात घालतात ते नव्हे. त्या तेलाची चौकशी सगळेच करतात. पेट्रोलपंपावरचा पोऱ्याही करतो. हे तेल पॉवर स्टिअरिंगचे. मोटारीच्या कुटुंबात याची स्थिती एखाद्या विधवा आत्यासारखी असते. सगळ्यांचे जड काम तीच हलके करणार, आणि तिला बरे वाटते की नाही हे कुणी वर्षानुवर्षे विचारणार नाही.

आमच्या तरुणपणी ही सोय कुणाला ठाऊक होती? मामाच्या अँबॅसडरला जागच्या जागी वळवायचे म्हणजे आडावरून पोहरा ओढण्याइतके श्रम. मामाचे दंड पाहून तो तालमीत जातो असे लोकांना वाटे. प्रत्यक्षात तो फक्त लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावत असे. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या एका इंजिनिअराने 1926 सालीच तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग गाडीला बसवून दाखवले होते. तो पूर्वी मालमोटारींच्या कामावर होता, त्यामुळे अवजड गाडी वळवताना माणसाचे काय हाल होतात हे त्याने जवळून पाहिले असणार. महाग पडते म्हणून मोटारवाल्यांनी ते बाजूला ठेवले, महायुद्धात चिलखती गाड्यांना ते कामी आले, आणि सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारीत यायला 1951 ची क्रायस्लर इम्पीरियल उजाडावी लागली. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या दारात ते पोचेपर्यंत विसावे शतक संपत आले होते.

यंत्र मोठे गमतीचे आहे. स्टिअरिंगच्या दांड्याच्या तळाशी पोलादाची एक बारीक कांब असते. आपण स्टिअरिंग फिरवले की ती किंचित पिळते. तेवढ्या पिळण्याने एका झडपेची तोंडे उघडतात, आणि इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पंपाने दाबलेले तेल दट्ट्याच्या एका अंगाला जाऊन त्याला ढकलते. डावीकडे पिळले तर डावीकडे, उजवीकडे पिळले तर उजवीकडे. गाडी जागच्या जागी वळवताना हा दाब टायरातल्या हवेच्या तीस-चाळीस पट सहज होतो. आणि एवढा खटाटोप करणारे तेल साऱ्या यंत्रात मिळून असते लिटरभराच्या आसपास. आपल्या हाताला यातले काही कळत नाही. आपल्याला वाटते, आपणच वळवले.

आता आमच्या गाडीविषयी. तिचे घराणे सांगत नाही, जाहिरात नको. 2004 सालचा जन्म. 2019 मध्ये पंधरा वर्षे भरली तेव्हा संगम पुलाजवळच्या आर.टी.ओ. कचेरीत जाऊन पाच वर्षांची मुदत वाढवून आणली, 2024 मध्ये आणखी पाच. गाडी नावाने माझी, पण हातातली सौ.ची. ती मोटार शिकली पन्नासाव्या वर्षी, आणि तेव्हापासून मी शेजारच्या आसनावर बसून फाटके, फळवाले आणि उलट दिशेने येणाऱ्या स्कूटरी यांची सूचना देण्याचे काम करतो. सूचना मानल्या जातात असे नाही.

तिची थोरली बहीण, आमच्या माई, कोथरूडला असतात. वय ब्याऐंशी, दृष्टी जवळजवळ गेलेली. दर शनिवारी दुपारी सौ. त्यांना पुढच्या आसनावर बसवते आणि गावातून फिरवून आणते. त्या दिवशी मी मागे. जायचे कुठेच नसते. माईंना काचा खाली हव्या असतात, कारण त्या पुणे आता वासाने पाहतात. "मंडई आली वाटतं. गवती चहाचा वास येतोय," असे त्या म्हणाल्या की सौ. गाडीचा वेग आणखी कमी करते. मग चिमण्या गणपतीवरून, खुन्या मुरलीधरावरून, त्यांच्या माहेरच्या वाड्याच्या जागी उभ्या असलेल्या इमारतीपर्यंत. तेथल्या बोळात गाडी वळवायला चार वेळा पुढे-मागे करावे लागते. सौ.चा डावा खांदा मागे सहा महिने आखडला होता, आणि त्याच बोळात गेल्या पावसाळ्यात तिच्या तोंडून प्रथमच "आई गं" निघाले.

स्टिअरिंग जड झाले होते. पूर्ण वळवले की बॉनेटखालून दाढदुखीच्या माणसासारखा कण्हण्याचा आवाज येई. चिरंजीव म्हणाले, "आई, भंगारात दे ही. टॅक्सी मागवत जा." सल्ला व्यवहाराला धरून होता, यात शंका नाही. पण कुठेच जायचे नाही, मंडईपाशी हळू कर, काचा खाली ठेव, बोळात दोन मिनिटे थांब, असे टॅक्सीवाल्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? शहराबाहेरच्या एका काचेच्या वर्कशॉपात गाडी दाखवली. तेथल्या टाय लावलेल्या तरुणाने बॉनेट न उघडताच सारी यंत्रणा बदलण्याचा आकडा सांगितला. आकडा मोठा होता. परतताना सौ. काही बोलली नाही. फक्त पुढच्या शनिवारी माईंना फोन करून तिने "आज जमत नाही" म्हटले. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

शेवटी घोरपडे पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. साठीचा गृहस्थ, बोलणे कमी. त्यांनी आधी टायरांतली हवा पाहिली, कारण हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड होते. मग पंपाचा पट्टा अंगठ्याने दाबला. मग तेलाच्या डबीचे झाकण काढून करंगळी आत बुडवली आणि ती पांढऱ्या फडक्याला पुसली. डाग काळा पडला. "वहिनी, हे कधी बदललंय?" वीस वर्षांची सगळी बिले सौ.च्या फाइलीत असतात. इंजिनाचे तेल, ब्रेकचे तेल, गिअरचे तेल, सगळ्यांच्या नोंदी होत्या. याची एकही नव्हती. गाडीच्या त्या सर्व दवाखान्यांत हे तेल कुणी पाहिलेच नव्हते. उष्णतेने तेल करपते, नळ्यांच्या रबराची पूड आणि पंपाच्या झिजेची माती त्यात मिसळते, आणि ती डबीतल्या बारीक जाळीवर बसते. पंपाला पुरेसे तेल मिळेनासे झाले की तो हवा ओढतो आणि कण्हू लागतो. "आधी तेल बदलू. नाही भागलं तर मग पुढचं बघू," मिस्त्री म्हणाले.

पुस्तिकेत लिहिले होते तेच तेल नाना पेठेतून आणले. ए.टी.एफ. म्हणतात ते, मूळचे आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांसाठीचे, पण जुन्या पुष्कळ गाड्यांचे स्टिअरिंगही त्यावरच चालते. सगळ्याच नव्हे, काही गाड्यांना आपले खास तेल लागते, म्हणून आधी पुस्तिका पाहावी. आणि घरात ब्रेकचे तेल उरले आहे म्हणून ते त्यात ओतू नये. त्याने आतली रबरी सीले फुगतात आणि कायमची जातात.

रविवारी मिस्त्री आमच्या आवारातच आले. जॅक लावून पुढची चाके उचलली, खाली लोखंडी घोड्या सरकवल्या. होळीच्या पिचकारीसारख्या एका पिचकारीने डबीतले काळे पाणी ओढून काढले. डबी सोडवून, जाळीसकट धुऊन पुन्हा बसवली. डबीकडे परत येणारी नळी काढून तिचे तोंड रिकाम्या बाटलीत सोडले आणि डबीचे तेथले भोक बुचाने बंद केले. मग कामाची वाटणी झाली. सौ. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवणार, मी वरून डबीत तेल ओतणार, मिस्त्री नळीवर नजर ठेवणार. "वहिनी, डावीकडे. बास. आता उजवीकडे. साहेब, ओता, डबी रिकामी पडू देऊ नका, हवा धरेल." संसारात चाळीस वर्षे मी हेच करीत आलो आहे असे सौ. आतून म्हणाली. मिस्त्री हसले नाहीत. ते कामात होते.

बाटलीत आधी काढ्यासारखे काळे आले, मग विटकरी, मग चहासारखे, आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर लाल. नळी जागेवर गेली, डबी खुणेपर्यंत भरली. त्यानंतरही इंजिन बंदच ठेवून दहा-बारा वेळा स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेले, आत राहिलेली हवा निघावी म्हणून. डबीत बुडबुडे यायचे थांबल्यावरच किल्ली फिरवली. टोकाला नेऊन स्टिअरिंग तसेच दाबून धरायचे नाही, अशी मिस्त्रींनी तंबी दिली; तेव्हा दाब कमाल असतो, तेल तापते आणि पंप झिजतो. काळे तेल त्यांनी डब्यात भरून बरोबर नेले. आमच्या आळीत असल्या गोष्टी गटारात ओतण्याची रीत आहे, आणि गटार मुठेला मिळते हे सगळ्यांना माहीत आहे.

चाके जमिनीला टेकल्यावर सौ.ने गाडी आवाराबाहेर काढली. कण्हणे थांबले होते. तिने कोपऱ्यावर एका हाताने वळण घेतले. आखडलेल्या खांद्याच्या हाताने, हे मी पाहिले.

मिस्त्री मात्र गाडीखाली वाकून बराच वेळ काहीतरी न्याहाळत होते. डाव्या बाजूच्या रबरी आवरणापाशी तेलाचा ओलावा होता. सील म्हातारे झाले आहे. लगेच काही नाही, पण महिन्याला पातळी पाहत जा, वर्ष, दोन वर्षे, कदाचित जास्त. नव्या गाड्यांत बहुतेक हे काम विजेच्या मोटरीने होते, तेथे हे तेलच नाही, तेव्हा असले सील बसवून देणारे हातही कमी होत चालले आहेत, असे ते म्हणाले. आणि हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत.

तेव्हापासून दर एक तारखेला सौ. सकाळी, गाडी थंड असताना, झाकण उघडून पातळी पाहते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवते. एका चौकोनात दूध, एकात गॅस, एकात "तेल ठीक". या महिन्याच्या चौकोनात तिच्या अक्षरात "अर्धे बोट खाली" असे आहे. मी ते वाचले. तिने विषय काढला नाही, मीही नाही. माळ्यावरची बाटली खाली आली आणि तेवढे तेल तिने गाळणीने डबीत घातले. शनिवारी माईंना फराळाचा डबा पोचवायचा आहे, आणि त्यांना दिवाळीची मंडई हवी आहे. झेंडूचे ढीग लागले असतील, तेथे जरा जास्त वेळ थांबू या, असा त्यांचा निरोप आहे.