पाऊस लागला की छातीत धडधड होते?

जून लागला की माझ्याकडे एक ठरावीक तक्रार वाढते. छातीत धडधड, हातापायाला घाम, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. मग मी विचारते, "हे नेमकं कधी होतं?" थोडं थांबून उत्तर येतं, "पाऊस लागला की."

कर्जत-खालापूरच्या डोंगराखाली राहणाऱ्यांना याचं कारण समजावून सांगावं लागत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. ज्यांचं कुणी गेलं त्यांचं दुःख वेगळंच. पण त्या रात्री आसपासच्या वाड्यांमध्ये तोच पाऊस ऐकत जागे असलेले लोकही पुष्कळ होते.

अशा माणसाला घरचे सांगतात, "झालं ते झालं, विसरून जा." हा सल्ला का चालत नाही, ते पाहू.

आपल्या कानशिलाच्या आत, मेंदूत खोलवर, बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची नोंद ठेवणं हे त्याचं एक मोठं काम. पत्र्यावर पाऊस वाजतो, तेव्हा तो आवाज दोन वाटांनी इथे पोहोचतो. एक वाट विचार करणाऱ्या भागातून फिरून येते, दुसरी जवळची आहे. जवळच्या वाटेने निरोप आधी पोहोचतो. म्हणून "अरे, नुसता पाऊसच आहे" हे मनात येण्याआधीच धडधड सुरू झालेली असते. हा भित्रेपणा नाही. आपल्याला वाचवण्यासाठीच ही रचना आहे.

मग भीती कमी कशी होते? शास्त्रज्ञांना बऱ्याच काळापासून माहीत आहे की जुनी आठवण सहसा पुसली जात नाही. तिच्या शेजारी दुसरी, सुरक्षिततेची आठवण तयार होते आणि ती पहिलीला आवरते. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये नोबेलविजेते सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने २०२५ मध्ये उंदरांवरचा यासंबंधीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पिंजऱ्यात उंदरांना पूर्वी सौम्य विजेचा झटका बसला होता, तिथेच त्यांना पुन्हा ठेवलं, पण झटका दिला नाही. तेव्हा मेंदूच्या दुसऱ्या भागातून अमिग्डालाकडे डोपामीनचा संदेश गेला, आणि तो अमिग्डालातल्या बक्षिसाची नोंद घेणाऱ्या पेशींना मिळाला. म्हणजे 'काही वाईट झालं नाही' हा अनुभवही मेंदूच्या लेखी एक बक्षीसच. उंदरावरून थेट माणसाचं औषध ठरत नाही, पण दिशा कळते.

यातून आपल्या कामाच्या तीन गोष्टी निघतात.

पहिली, सुरक्षिततेची ही आठवण जागा आणि प्रसंग यांना बांधलेली असते. मार्चमध्ये ठणठणीत वाटणारा माणूस मृगाच्या पहिल्या सरीला पुन्हा घाबरतो. याचा अर्थ उपचार वाया गेला असा नाही. मेंदूला पावसातलीच सुरक्षितता पुन्हा शिकवावी लागते.

दुसरी, कानात बोळे घालून गोधडीत शिरलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण शिकणं थांबतं. दारूचं, किंवा मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळीचंही तेच. त्यापेक्षा पक्क्या, सुरक्षित घरात, आपल्या माणसासोबत, आधी हलक्या सरी ऐकत बसा. चहा घ्या, गप्पा मारा. हळूहळू वेळ वाढवा. त्रास फार असेल, तीच दृश्यं पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर हे एकट्याने करू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे याच्या ठरलेल्या पद्धती आहेत, गरज पडल्यास औषधंही आहेत. टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करून मोफत बोलता येतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे सगळं फक्त सुरक्षित जागी लागू आहे. ज्या घरामागच्या उतारावर भेगा पडल्या आहेत, झाडं किंवा खांब कलले आहेत, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं आहे, तिथे भीती हा आजार नाही. ती अगदी बरोबर सांगते आहे. अशा घरातल्या माणसाला मी गोळी देऊन झोपवणार नाही. त्याने रात्र व्हायच्या आत घर सोडावं, ग्रामपंचायतीला आणि तहसील कार्यालयाला कळवावं.

तेव्हा घरात कुणी पावसाला घाबरत असेल, तर "विसर" म्हणण्याआधी घराच्या मागे जाऊन एकदा डोंगर बघून या. डोंगर ठीक असेल, तर आत येऊन त्याच्याजवळ बसा.