लेवांतेच्या गर्दीत

सेव्हिलहून विंडसर्फिंगसाठी दक्षिणेस निघालेली आमची मोटार वेहेरची टेकडी मागे टाकून तारिफाच्या रस्त्याला लागली की गप्पा मंदावतात आणि साऱ्यांच्या दृष्टी माळावरील पवनचक्क्यांकडे वळतात. कारण त्यांची तोंडे पूर्वेकडे असली तर लेवांते या पूर्ववाऱ्याचा अंमल, पश्चिमेकडे असली तर पोनिएंते या पश्चिमवाऱ्याचा, एवढा निर्णय समुद्र दिसण्यापूर्वीच होऊन जातो, आणि कोणते शीड प्रथम सोडावे याचा खल सुरू होतो.

भूमध्य समुद्रावरून येणारा लेवांते स्पेन आणि मोरोक्को यांच्या पर्वतांमध्ये कोंडला जातो, आणि जिब्राल्टरची सामुद्रधुनी अरुंद भागी अवघी 14 किलोमीटर रुंद असल्याने त्या चिंचोळ्या वाटेने निसटताना त्याचा वेग भयंकर वाढतो. तारिफाजवळच्या वाल्देवाकेरोस किनाऱ्यावरचा वाळूचा प्रचंड ढीग त्यानेच रचला असून, ती वाळू शेजारच्या रस्त्यावर सरकली की यंत्रे लावून हटवावी लागते. अशा वाऱ्याच्या ओढीने साऱ्या युरोपातून माणसे लोटतात, आणि उन्हाळ्यात शिडांच्या व काइटच्या दाटीतून पाणी शोधावे लागते.

या गर्दीला दूषण देण्याचा आमच्या मंडळींचा रिवाज मला कधीच मानवला नाही. विंडसर्फिंगची खरी परीक्षा वेगात नसून दुसऱ्यास वाट देण्याच्या सामर्थ्यात आहे, आणि ती परीक्षा निर्जन किनाऱ्यावर होतच नाही. नौकानयनाचा जुना दस्तूर असा की, ज्याच्या उजव्या अंगाने वारा येतो, म्हणजे ज्याचा उजवा हात डोलकाठीकडे असतो, त्याचा हक्क पहिला. दोघांनाही वारा एकाच अंगाने असेल, तर वाऱ्याकडच्या बाजूस असणाऱ्याने दूर व्हावे. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने तर नेहमीच. आता वाल्देवाकेरोसचा किनारा साधारण नैऋत्याभिमुख असल्यामुळे लेवांतेत हा हक्क किनाऱ्याकडे परतणाऱ्याच्या पदरी पडतो, तर पोनिएंतेत तोच बाहेर निघालेल्याकडे जातो; रात्रीतून वारा फिरला की काल अंगवळणी पडलेली वहिवाट सकाळी धोक्याची ठरते. शिडात पारदर्शक खिडकी ठेवलेली असते ती शोभेसाठी नव्हे. पलीकडून येणारा दिसावा, एवढ्याचसाठी.

परंतु दिसला तरी वळता आले पाहिजे, आणि तेथे शिडाच्या निवडीचा प्रश्न येतो. लेवांते झोतांनी वाहतो. दोन झोतांमधील मंद वाऱ्यावर भिस्त ठेवून मोठे शीड उभारणारा पुढच्या झोतात केवळ तोल सांभाळण्यात गुंततो, आणि तोल सांभाळणाऱ्याच्या ठायी दाक्षिण्याला अवकाश उरत नाही. म्हणून माझे मित्र सव्वापाच चौरस मीटरचे शीड काढीत असता मी साडेचारचेच उभारतो, आणि डोलकाठीच्या पायाशी असलेली दोरी नेटाने ओढून शिडाचा माथा सैल सोडतो, म्हणजे झोताचा अतिरिक्त जोर वरूनच निसटतो. वेग थोडा उणावतो खरा. पण हाती राखलेले बळ अनोळखी माणसासाठी खर्च करता येते, आणि यातच मला या कलेची प्रतिष्ठा वाटते.

तेव्हा, वाचकहो, तारिफाला गेलात तर मोटारीतून उतरताच शीड उलगडू नका. निदान अर्धा तास वाळूत उभे राहून कोण कोणास वाट देतो ते पाहा, काइटच्या वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्यांचा पल्ला नजरेने मोजा, आणि मगच पाण्यात पाऊल टाका.