पाटा वाढवावा की पोती कमी करावीत?



आज लोणचं नाही, पापड नाही आणि व्रतकथाही नाही. आज गाडीचे पाटे. हसू नका. आपल्या जयसिंगपूर-सांगली भागात किती घरांपुढं पिकअप उभी असते ते एकदा मोजून बघा. पेंड, गूळ, हळद, बेदाणा, काही ना काही त्या गाडीवर चढतं आणि घर चालतं. गाडी पुरुषांची आणि हिशेबाची वही बाईची, असं निदान आमच्याकडं तरी आहे. माझं बी.कॉम. वाया जाऊ नये म्हणून लग्नानंतर ह्यांनी दुकानाची वही माझ्या हातात दिली, ती आजतागायत माझ्याकडंच आहे.

हा विषय त्या वहीतूनच निघाला. आमची पिकअप सरकी पेंडेची पोती घेऊन आंबा घाटानं कोकणात उतरते. गेल्या वर्षी तिच्या खर्चाच्या पानावर मागचे टायर दोनदा, एक बेअरिंग, पाट्यांचे बुश आणि शेवटी एक तुटलेला पाटा अशा नोंदी लागल्या. धाकट्यानं तोडगा काढला, "आई, दोन पाटे जास्तीचे टाकूया. मग पन्नास पोती घातली तरी गाडी मागं बसणार नाही." मिस्त्रीही तयार होता. पैसे मागायला दोघं माझ्याकडं आले, म्हणून मी म्हटलं, आधी मला नीट समजावून सांगा.

जे समजलं ते असं. मागच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांची चळत असते, कमानीसारखी वाकलेली. तेच पाटे. माल भरला की कमान सरळ होत जाते, उतरला की पुन्हा वर येते. जुन्या पाट्यांची कमान हळूहळू कायमची बसते आणि नेमानं माल भरला तरी गाडीचं बूड खाली जातं. यावर गॅरेजमध्ये चार-पाच उपाय सांगतात.

पहिला, जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देणं. स्वस्त पडतं, पण थकलेलं पोलाद पुन्हा लवकर बसतं. दुसरा, पाटा वाढवणं. सात पाट्यांत तेवढ्याच जाडीचा आठवा घातला तर कडकपणा साधारण सातव्या हिश्शानं वाढतो. जाडी वाढवली तर मात्र हिशेब वेगळा, दुप्पट जाडीचा पाटा आठपट कडक होतो. म्हणून "जरा जाड टाकतो" असं मिस्त्री म्हणाला की तो "जरा" किती ते विचारावं. कडक पाट्यांवर रिकामी गाडी उडते आणि परतीच्या वाटेवर ड्रायव्हरची कंबर जाते. तिसरा उपाय हेल्पर पाट्यांचा. हे वरच्या बाजूला मोकळे असतात आणि गाडी ठरावीक खाली आली की मगच टेकतात. रिकाम्या गाडीला त्यांचा जाच नाही. चौथा, एअर बॅग. ओझ्याप्रमाणं हवा कमी-जास्त करता येते, पण हवा रोज तपासावी लागते आणि एका बाजूची गळली की गाडी कलते. शॉकअप बदलल्यानं गाडी वर येते असा काहींचा समज आहे. शॉकअप ओझं उचलत नाही. गाडीचं हेलकावणं थांबवणं एवढंच त्याचं काम.

इथपर्यंत सगळं लोखंडाचं. पण मी एक साधा प्रश्न विचारला. पाटे वाढले, मग टायर, बेअरिंग, ॲक्सल आणि ब्रेक यांचं काय? ते तर तेच राहणार. मिस्त्री प्रामाणिक माणूस. म्हणाला, "काकी, ते तेवढेच राहतात. फक्त गाडी बसलेली दिसत नाही."

हे वाक्य मी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. गाडीचं बूड खाली जातं म्हणजे ती तिच्या भाषेत "पुरे" म्हणत असते. जास्तीचा माल घालण्यासाठी पाटे वाढवले तर तिचं तोंड बंद होतं, ओझं तेवढंच राहतं. त्यातही एक बारीक गोष्ट आहे, ती घरच्या सगळ्यांना वाचून दाखवा. काही गाड्यांत मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा हे ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. गाडी किती खाली बसली यावरून तो वजन ओळखतो. पाटे कडक केल्यावर गाडी बसतच नाही, म्हणून व्हॉल्व्हला वाटतं माल कमी आहे, आणि भरल्या गाडीत मागचा ब्रेक कमी लागतो. पाट्यात बदल केला की तो व्हॉल्व्ह कंपनीच्या मापानं पुन्हा लावून घ्यावाच लागतो. घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय ते मी सांगायला नको.

मग मी ड्रायव्हरला विचारलं. पोरगा तिशीचा, घरी दोन लहान मुली. आधी बोलेना. मग म्हणाला, "चढाला काय वाटत नाही काकी. उताराला पाय ब्रेकवरनं काढवत नाही."

दशलक्षणात आम्ही बायका रत्नकरंड श्रावकाचाराचा स्वाध्याय करतो. समंतभद्र आचार्यांनी व्रतांचे अतिचार सांगितलेत, त्यात जास्त ओझं लादण्याचा दोष दोन वेळा येतो. अहिंसाणुव्रतात अतिभारारोपण आणि परिग्रहपरिमाणात अतिभारवहन. एकच कृती, एकदा हिंसेच्या बाजूनं मोजलेली, एकदा लोभाच्या. त्या काळी ओझं बैल वाहत होता. आता पिकअप वाहते आणि लोखंडाला जीव नाही, हे खरं. पण स्टिअरिंगवर बसलेल्याला आहे, वळणावर समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला आहे. बैल निदान बसकण मारायचा. हा पोरगा नोकरीच्या भीतीनं बोलतही नव्हता.

धाकट्याला मात्र मी श्रावकाचार ऐकवला नाही, आकडे ऐकवले. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन, दोन्ही असतात. आमच्या गाडीचा फरक १,७०० किलो. ड्रायव्हर-हमाल १३० किलो धरले तर उरतात १,५७०, म्हणजे ५० किलोची ३१ पोती. पन्नास घातली की १९ जास्त. पोत्यामागं १०० रुपये भाडं धरलं तर फेरीला १,९०० रुपये वरचे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनं जादा मालाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागं २,००० झाला, शिवाय माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. एकदा पकडलं की दहा फेऱ्यांची जादा कमाई गेली. टायर-बेअरिंग त्यात धरलेलंच नाही. आणि आरसीवरचा आकडा कुठलाही मिस्त्री वाढवून देऊ शकत नाही.

धाकटा म्हणाला, "बाकीचे सगळे घालतात. आपण कमी घातली तर गिऱ्हाईक जाईल." खरं होतं ते. एक गिऱ्हाईक गेलंच. दुसऱ्यानं भाडं थोडं वाढवून दिलं. ह्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकतीस."

आम्ही शेवटी कंपनीच्या मापाचा नवा पाट्यांचा संच दोन्ही बाजूंना बसवला, कारण एकाच बाजूचा बदलला तर गाडी तिरकी चालते. यू-क्लॅम्प आणि बुश नवे घेतले, शॉकअपची जोडी बदलली. थोडी गाडी चालल्यावर क्लॅम्पचे नट पुन्हा आवळून घेतले. हे बरेच जण विसरतात आणि ढिल्या क्लॅम्पमुळंही पाटा तुटतो. पोती आता मागच्या फाळक्याकडं न रचता केबिनच्या बाजूनं रचतात. ॲक्सलच्या मागं वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पकड सोडतं.

तुमच्या घरी असा विषय निघाला तर तीन कामं करा. आरसी बाहेर काढून दोन आकड्यांची वजाबाकी करा. भरलेली गाडी एकदा भुईकाट्यावर न्या आणि नंतर फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन तेही वजन लिहून ठेवा. आणि जो गाडी चालवतो त्याला चहा देऊन, मालक समोर नसताना, उताराला कसं वाटतं ते विचारा.

पुढच्या वेळी ज्वारीच्या पापड्या, नक्की.

जय जिनेंद्र.