सागरतळीचे मृत

युद्धाचा इतिहास वाचताना जहाजे आणि तोफा ध्यानात राहतात. माणसे मात्र निसटतात. जपानच्या ‘यामातो’ या युद्धनौकेचेही असेच आहे. २६३ मीटर लांबी आणि ४६ सेंटिमीटर व्यासाच्या नऊ तोफा असलेली एवढी प्रचंड युद्धनौका त्यापूर्वी कोणीही बांधली नव्हती. कुरे या तिच्या जन्मगावी २००५ साली संग्रहालय उघडले, तेव्हा तिची दशांश आकाराची प्रतिकृती तेथे मांडण्यात आली.

१ एप्रिल १९४५ हा पुनरुत्थानाचा रविवार होता. त्याच दिवशी अमेरिकी फौजा ओकिनावा बेटावर उतरल्या. त्यांना अडवण्यासाठी ६ एप्रिलला ‘यामातो’ निघाली. सोबतीला एक क्रूझर आणि आठ विनाशिका होत्या. विमानांचे छत्र जवळजवळ नव्हतेच. ही वाट परतीची नाही, हे नौकेवरच्या माणसांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी दुपारी शेकडो अमेरिकी विमाने तिच्यावर तुटून पडली. टॉर्पेडोंनी डावी बाजू फाटली, नौका कलंडली, दारूगोळ्याचा स्फोट झाला. सुमारे दोन तासांत सारे संपले. तीन हजारांहून अधिक माणसांपैकी तीनशेही वाचली नाहीत.

वाचलेल्यांत योशिदा मित्सुरू हे बावीस वर्षांचे अधिकारी होते. युद्ध संपताच त्यांनी आपल्या मृत सोबत्यांची कहाणी लिहून काढली. अमेरिकी सेन्सॉरने ती अडवली. १९५२ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दरम्यान एका कॅथोलिक धर्मगुरूंच्या सहवासातून त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला. पुढे ते प्रॉटेस्टंट मंडळीत गेले. पोटापाण्यासाठी त्यांनी बँकेत नोकरी केली. परंतु १९७९ साली मृत्यू येईपर्यंत त्या मृतांविषयीचे त्यांचे लेखन थांबले नाही.

ज्या सत्तेसाठी हे तरुण बुडाले, तिने आशियाभर अनन्वित अत्याचार केले, हे आम्ही विसरू शकत नाही. मग अशांसाठी प्रार्थना करावी काय? आम्हांला वाटते, करावी. मृतांसाठी केलेली प्रार्थना म्हणजे त्यांच्या राजाच्या कृत्यांना दिलेली संमती नव्हे. ज्यांची श्रद्धा केवळ परमेश्वरालाच ठाऊक आहे, अशा मृतांचेही ख्रिस्तसभा मिस्साबलिदानात स्मरण करते. त्या स्मरणात शत्रू आणि मित्र असे वेगळे रकाने नाहीत.

२ नोव्हेंबरला आपण आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. ज्यांची कबर समुद्र झाला, त्यांच्या वाट्याला फुले येत नाहीत. त्यांच्यासाठीही त्या दिवशी एक ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणणे आपल्याला अशक्य नाही.