अठ्ठाविसावा नंबर

भावकीतल्या ज्या घराशी बांधावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालू आहे, त्याच घराला ऐन उन्हाळ्यात आपली पाण्याची पाळी देऊन टाकावी, तसं काहीतरी 25 एप्रिल 2024 च्या रात्री डेट्रॉइटमध्ये घडलं. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल ड्राफ्टची पहिली फेरी संपत आली होती. अठ्ठाविसावा नंबर बफेलो बिल्सचा. दिवसभर ताटकळलेला बफेलोचा चाहता सरसावून बसला, आणि तेवढ्यात जाहीर झालं की बफेलोने आपला नंबर कॅन्सस सिटी चीफ्सला दिला आहे.

चीफ्सला! ज्यांनी मागच्या चार हंगामांत तीनदा बिल्सना प्लेऑफमधून बाहेर काढलं होतं, त्यांना. तिसरी वेळ तर जेमतेम तीन महिन्यांपूर्वीची, बफेलोच्याच मैदानावरची. चीफ्सने मिळालेल्या नंबरवर टेक्सास विद्यापीठाचा झेव्हियर वर्दी उचलला. या वर्दीने मार्च महिन्यात इंडियानापोलिसच्या चाचण्यांत चाळीस यार्ड 4.21 सेकंदांत पळून विक्रम केला होता. आधीचा विक्रम 4.22 चा होता. शतांश सेकंदाचा फरक, पण बफेलोच्या चाहत्याला तो आकडा स्वतःच्या गाडीच्या नंबरसारखा पाठ होता, कारण त्याच्या संघाला नेमका असाच पळणारा रिसीव्हर हवा होता. बिल्सचा रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज त्याच एप्रिलच्या सुरुवातीला ह्यूस्टनला गेला होता, दुसरा रिसीव्हर गेब डेव्हिस जॅक्सनव्हिलला. लांबवर फेकलेला चेंडू झेलायला आता आहे कोण, हा प्रश्न शहरभर होता.

आयपीएलचे लिलाव पाहिलेल्या माणसाला ड्राफ्ट सुरुवातीला जरा मिळमिळीत वाटतो. हातातलं पॅडल वर होत नाही, कोटींचे आकडे चढत नाहीत. इथे पैसा बोलतच नाही. बोलतो तो क्रम. विद्यापीठांतून येणारी पोरं आणि 32 संघ. गेल्या हंगामात जो सगळ्यांत वाईट खेळला, त्याला सर्वांत आधी निवडायचा मान. जो जिंकला, तो सर्वांत शेवटी. 2024 मध्ये पहिल्या फेरीत प्रत्येकाला दहा मिनिटं होती. खेळाडूला आपलं गाव निवडता येत नाही, पगारही साधारण त्या नंबरवर ठरलेला. स्वतःला बाजारपेठेचं माहेरघर म्हणवणाऱ्या देशाने आपल्या सगळ्यांत लाडक्या खेळात भरती मात्र रेशनच्या रांगेने चालवावी, ही गंमत तिथल्या लोकांना फारशी जाणवत नाही.

ही रांग लावली ती बर्ट बेल नावाच्या माणसाने. फिलाडेल्फिया ईगल्सचा हा मालक. 1935 च्या हंगामात त्याचा संघ दोन सामने जिंकला आणि नऊ हरला. चांगली पोरं श्रीमंत संघांकडे जात, बेलच्या हाती उरलंसुरलं येई. त्याने इतर मालकांच्या गळी ही कल्पना उतरवली, आणि 8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. पहिला नंबर अर्थातच बेलचा. त्याने शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर निवडला. बरवँगर व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. पुढे रबराच्या धंद्यात पडला. म्हणजे ड्राफ्टच्या इतिहासातली पहिलीच निवड वाया गेली, तरी त्यानंतर दरवर्षी लोक तितक्याच भाबडेपणाने पहिल्या नंबरकडे डोळे लावून बसतात.

डेट्रॉइटमध्ये त्या पहिल्या दिवशी पावणेतीन लाख माणसं जमली होती. तीन दिवसांची मिळून पावणेआठ लाख. सामना नाही, चेंडू नाही. एक माणूस मंचावर येऊन कार्डावरचं नाव वाचतो, एवढाच कार्यक्रम. नाव वाचणारे कमिशनर रॉजर गुडेल यांची हुर्यो उडवणं हा आता त्यातला ठरलेला विधी आहे, आणि त्यात काही वाईट नाही. इतका पगार घेणाऱ्याने वर्षातून एक संध्याकाळ हुर्यो खायला हरकत नसावी. कोवळ्या पोरांची उडवतात ते मात्र बघवत नाही. 1999 मध्ये न्यूयॉर्कला ईगल्सने दुसऱ्या नंबरवर डॉनोवन मॅक्नॅब निवडला, तेव्हा फिलाडेल्फियाहून खास त्यासाठी आलेल्या चाहत्यांनी रिकी विल्यम्स हवा होता म्हणून मॅक्नॅबला तोंडावर हुर्यो दिली. आयुष्यातला सगळ्यांत मोठा दिवस, अंगावर नवा सूट, आणि समोर आपल्याच संघाचे लोक ओरडताहेत. या मॅक्नॅबने ईगल्सना सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, नेलं आणि 2013 मध्ये त्याची पाच नंबरची जर्सी संघाने सन्मानाने निवृत्त केली.

बफेलोचं दुखणं वेगळं. त्या रात्री 28 नंबरवर जे झालं, ते पहिल्यांदा झालं नव्हतं.

2017 च्या एप्रिलमध्ये ड्राफ्ट फिलाडेल्फियात होता. बिल्सकडे दहावा नंबर होता. तो त्यांनी चीफ्सना दिला. बदल्यात सत्ताविसावा नंबर, तिसऱ्या फेरीतला एक आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला एक. हिशेब कागदावर चोख. सत्ताविसाव्यावर त्यांनी ट्रेडेव्हियस व्हाइट घेतला, आणि तो उत्तम निघाला. फक्त चीफ्सने दहाव्यावर जो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुलगा उचलला, त्याचं नाव होतं पॅट्रिक माहोम्स. ड्राफ्ट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी बिल्सने आपल्या जनरल मॅनेजरला घरी पाठवलं. ते माहोम्समुळे नव्हे, तेव्हा माहोम्स काय चीज आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 2024 च्या त्या रात्रीपर्यंत माहोम्सच्या नावावर तीन सुपर बोल जमा झाले होते. त्याच माहोम्सच्या हाती आता बफेलोने देशातला सगळ्यांत वेगवान रिसीव्हर दिला होता.

इथे बफेलोविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर या चाहत्याच्या जिवाची घालमेल कळायची नाही. ईरी सरोवराच्या काठचं हे शहर 1950 मध्ये 5,80,132 लोकांचं होतं. धान्य, कालवा, पोलाद. शेजारच्या लॅकवॉनाचा पोलादाचा प्रचंड कारखाना 1983 मध्ये जवळजवळ बंद पडला, आणि 1990 च्या जनगणनेत शहरात सव्वातीन लाखांच्या आसपास माणसं उरली. उरलेल्यांकडे बर्फ होता आणि बिल्स होते. त्या जनगणनेनंतरच्या हिवाळ्यात बिल्स पहिल्यांदाच सुपर बोलला पोहोचले. 27 जानेवारी 1991, टँपा. आखाती युद्ध सुरू होऊन दहा दिवस झाले होते, व्हिटनी ह्यूस्टनने गायलेल्या राष्ट्रगीताने अख्खा देश भारावला होता. समोर न्यूयॉर्क जायंट्स. शेवटची आठ सेकंदं, गुणफलक 20-19, बिल्स एका गुणाने मागे. मैदानात आला किकर स्कॉट नॉरवुड. अंतर 47 यार्ड. चेंडू उंच गेला, लांबही गेला, आणि उजव्या खांबाच्या बाहेरून निघून गेला. 'वाइड राइट' हे दोन शब्द बफेलोत आजही उच्चारले की जेवणाच्या टेबलावर मिनिटभर कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी संघ परतला. नायगारा चौकात, आर्ट डेको धाटणीच्या त्या उंच नगरभवनासमोर, जानेवारीच्या थंडीत हजारो लोक जमले होते. हरलेल्या संघाला बघायला. भाषणं सुरू झाली आणि गर्दीतून एकच घोष येऊ लागला: नॉरवुड कुठे आहे, नॉरवुडला पुढे आणा. नॉरवुड मागे उभा होता. आदल्या रात्री ज्याच्या पायामुळे विजेतेपद गेलं, तो माणूस. गर्दी थांबेना. शेवटी तो मायक्रोफोनपाशी आला, आणि बोलता बोलता त्याला रडू आवरेना. ते दृश्य आजही पाहायला मिळतं. चित्र धूसर आहे, रंग उडालेले आहेत, पण खालच्या लोकांचे चेहरे दिसतात. खेळाच्या इतिहासात विजयाच्या मिरवणुका पुष्कळ झाल्या. चुकलेल्या माणसाला हाका मारून पुढे आणणारी गर्दी प्रस्तुत लेखकाला दुसरी आठवत नाही. त्यानंतरच्या तीनही वर्षी बिल्स सुपर बोलला गेले आणि तीनही वेळा हरले. सलग चार. नॉरवुड पुढे व्हर्जिनियात विमा आणि घरांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायात गेला.

जानेवारी 2024 मध्ये चीफ्सविरुद्ध बिल्स 27-24 असे मागे असताना त्यांचा किकर टायलर बास याने 44 यार्डांवरून किक मारली आणि चेंडू पुन्हा उजवीकडूनच बाहेर गेला. यावेळी सोशल मीडिया होता. बासला इतक्या शिव्या पडल्या की त्याने आपली खाती बंद केली. मग त्याच शहरातल्या इतर चाहत्यांनी, बास ज्या मांजरांच्या आश्रमाला मदत करत होता तिथे 22-22 डॉलर पाठवायला सुरुवात केली. काही दिवसांत दोन लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. किकर चुकला की मांजरांचं भलं होतं, असं काहीतरी तर्कशास्त्र बफेलोत चालत असावं. याच चाहत्यांनी त्याच्या आदल्या आठवड्यात संघाच्या हाकेसरशी तासाला 20 डॉलरवर स्टेडियममधला बर्फ उपसला होता, आणि न उपसलेल्या रांगांत बसून टचडाउन झाला की तोच बर्फ मुठीमुठीने हवेत उधळला होता. गाड्यांच्या तळावर घडीच्या टेबलांवर उड्या मारून ती मोडणारे लोकही हेच. अशा लोकांना अठ्ठाविसावा नंबर चीफ्सला दिल्याचं शांतपणे घ्या म्हणायचं, म्हणजे कमालच.

तरी सांगायला हवं, की सौदा मूर्खपणाचा नव्हता. आपल्याला हवा तो मुलगा चार घरं खालीही मिळणार असेल, तर वर बसून राहण्यात काय मतलब? बिल्सना बत्तिसावा नंबर मिळाला आणि शिवाय तिसऱ्या फेरीतला एक. हात राखून खेळणारी माणसं असंच करतात, आणि ड्राफ्टमध्ये वर उडी मारणाऱ्यांपेक्षा खाली सरकणाऱ्यांचं डोकं सहसा जास्त थंड असतं. पण चाहत्याला थंड डोकं नको असतं. त्याने महिनाभर आपला मॉक ड्राफ्ट, म्हणजे कोण कुणाला घेईल याचा अंदाज, तयार केलेला असतो, रिसीव्हरच्या नावांची यादी करून एकेकावर काट मारत तो इथवर आलेला असतो. तेविसाव्यावर जॅक्सनव्हिलने ब्रायन थॉमस नेला, काट. आता उरलेल्यांत वर्दी आहे, लेगेट आहे, कोलमन आहे, असं म्हणेपर्यंत वर्दी गेला. एकतिसाव्यावर सॅन फ्रान्सिस्कोने आणखी एक रिसीव्हर नेला. ठीक आहे, बत्तिसावा तर आपलाच आहे. आणि बत्तिसावा नंबर बिल्सने कॅरोलायनाला देऊन टाकला! त्यांनी लेगेट घेतला. पहिली फेरी संपली, मध्यरात्र होत आली, आणि बफेलोने कुणालाही घेतलं नव्हतं. इतक्या वेळात डेट्रॉइटचे आणि कुठले कुठले चाहते नवी जर्सी फडकवून नाचून घेत होते.

दुसऱ्या संध्याकाळी तेहतिसाव्या नंबरवर, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या अगदी तोंडाला, बिल्सने फ्लोरिडा स्टेटचा कीऑन कोलमन घेतला. उंच, धिप्पाड, आणि चाळीस यार्ड 4.61 सेकंदांत, म्हणजे या धंद्यात जवळजवळ रमतगमत. चाहता पुन्हा कपाळाला हात लावणार, तेवढ्यात कोलमनची पत्रकार परिषद झाली. फुगीर, पिवळंजर्द जाकीट घालून तो बसला होता. बफेलोच्या थंडीवरून विषय निघाला तसं त्याने ते जाकीट मेसीज नावाच्या दुकानातून सेलमध्ये कसं घेतलं, हे इतक्या आपुलकीने आणि तपशिलात सांगितलं, की पत्रकार लोटपोट झाले. सेलमधलं जाकीट घेणारा खेळाडू! कारखान्यांच्या गावाला यापेक्षा जवळचं काय असणार? चोवीस तासांपूर्वी टेबल फोडायला निघालेल्या शहराने त्या पोराला पदरात घेतलं. चेंडू झेलण्याआधीच.

वर्दीचं काय झालं, हेही सांगून टाकू. 26 जानेवारी 2025 रोजी बिल्स आणि चीफ्स पुन्हा प्लेऑफमध्ये समोरासमोर आले. चीफ्स 32-29 ने जिंकले, आणि त्यांच्या टचडाउनपैकी एक वर्दीचा होता.

मग 2025 चा ड्राफ्ट आला. यावेळी बिल्सने तिसावा नंबर कुणाला दिला नाही. त्यांनी केंटकीचा मॅक्सवेल हेअरस्टन घेतला. त्याची चाळीस यार्डांची वेळ 4.28, त्या वर्षीच्या चाचण्यांतली सगळ्यांत वेगवान. फक्त तो रिसीव्हर नव्हता, तर रिसीव्हरला अडवणारा कॉर्नरबॅक होता. बफेलोच्या रेडिओवर रिसीव्हरची तक्रार पुन्हा सुरू झाली, तेव्हा जनरल मॅनेजर ब्रँडन बीन स्वतः कार्यक्रमात आले आणि निवेदकांशी चक्क भांडले. संघाने गेल्या हंगामात गुणांचा पाऊस पाडला, क्वार्टरबॅक जॉश ॲलनला सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला, तरी तुमचं रडगाणं तेच, असा त्यांचा सूर होता. आणि 2018 मध्ये आम्ही ॲलनला घेतलं तेव्हा तुम्हाला हवा होता तो जॉश रोझन, हेही त्यांनी ऐकवलं. रोझनला ॲरिझोनाने दहाव्या नंबरवर नेलं होतं आणि वर्षभरात मायामीला पाठवून दिलं होतं. मुद्दा बिनतोड होता. निवेदकांनी तो ऐकून घेतला, आणि रिसीव्हरचं काय, हे पुन्हा विचारलं.